अर्धी राहिलेली टोपली

खूप जुनी गोष्ट आहे, पुस्तकं हातानं उतरवून काढत त्या काळची. डोंगराच्या पायथ्याशी एका गावात मुलांसाठी गोष्टी लिहिणारी एक बाई राहत होती. सारं गाव तिला मावशी म्हणे.

मावशीची लिहिण्याची तऱ्हा जरा न्यारी होती. नवी गोष्ट लिहून झाली की ती पोरांना अंगणात बोलवायची, मधे भुईमुगाच्या शेंगांचा ढीग ओतायची आणि त्यांना फोडायला लावून वाचू लागायची. वाचताना तिचा एक डोळा पोरांच्या हातांवर असे. हात थांबले, की तिथे गोष्ट जमली. शेंगांचा आवाज चालूच राहिला, तर ती ओळ मावशी मुकाट्यानं खोडून टाकी. दाण्यांची टोपली बहुधा अर्धीच भरे, आणि उरलेल्या शेंगा ती एकटी फोडत बसे. त्याचंच तिला सुख वाटे.

तिचं नाव राजाच्या कानावर गेलं. त्यानं तिला राजवाड्यात बोलावून घेतलं आणि मुलांसाठी एक मोठं पुस्तक लिहायला सांगितलं. त्याची एकेक प्रत गावोगावी जाणार होती.

राजवाड्यात मुलं नव्हती, पंडित होते. ते वाक्यावाक्याला माना डोलावत. एकानं सुचवलं, कोल्ह्याच्या तोंडी थोडी नीती घाला. दुसऱ्याला शब्द जरा भारदस्त हवे होते. मावशीला आधी अवघडल्यासारखं झालं, पण कौतुक कुणाला नको असतं? दोन वर्षांत पुस्तक चांगलं जाडजूड झालं. प्रती काढायला लेखनिक बोरू घेऊन तयार झाले.

काम सुरू व्हायच्या चार दिवस आधी मावशी गावी आली. खरं सांगायचं तर मिरवायलाच आली. पोरं जमली, शेंगा ओतल्या आणि ती वाचू लागली. वाचण्यात स्वतःच इतकी रंगली की हातांकडे बघायचं राहून गेलं.

वाचून संपलं तेव्हा हौसा नावाची एक चिमुरडी टोपली घेऊन पुढे आली. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, उलट काम उरकल्याचा आनंदच होता.

"मावशी, आज सगळ्या शेंगा फोडून झाल्या बघ," ती म्हणाली. "एक पण राहिली नाही."

टोपली दाण्यांनी शिगोशीग भरली होती. मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्याच दिवशी तिनं राजाकडे जाऊन पुस्तक परत मागितलं. पंडित खवळले. एवढ्या विद्वानांना आवडलेलं पुस्तक तुला का नको, असं राजानं विचारलं.

"महाराज, ऐकताना त्यांचे हात रिकामे होते," मावशी म्हणाली.

राजाला ते काही उमगलं नाही, पण बाई ऐकायची नाही एवढं कळलं. पुस्तक मिळालं, राजवाड्यातली जागा मात्र गेली. मावशी पुन्हा अंगणात बसली आणि खोडत सुटली. वर्षभरानं पुस्तक चौथाई उरलं. त्यातली कोल्ह्याची नीती गेली आणि कोल्हा तेवढा राहिला.

राजा शब्दाला जागला. त्यानं त्या पातळ पुस्तकाच्या प्रती गावोगावी पाठवल्या. मग ज्या त्या गावातून आयांची एकच तक्रार येऊ लागली, की पोरं पुस्तक ऐकत बसतात आणि हातातली कामं तशीच पडून राहतात. हे मावशीला कळलं तेव्हा ती समाधानानं हसली आणि उरलेल्या शेंगा फोडायला बसली.

तात्पर्य : ज्यांच्यासाठी काम करायचं, त्यांच्याकडूनच ते पारखून घ्यावं, भोवतीच्या वाहवेवर विसंबू नये.