शेवंतीचा करवंट्यांचा तराजू

मुलांनो, सांगा बघू, विश्वास कुणावर ठेवाल? गोड बोलणाऱ्यावर, की माल तोलायच्या आधी रिकामा तराजू उचलून दाखवणाऱ्यावर? आमच्या पेठेत एक गूळवाला होता. बोलणं असं गोड, की गिऱ्हाईक मापाकडे बघायचंच नाही. एके दिवशी त्याच्या तराजूच्या पारड्याखाली मुंग्यांची रांग लागली. बघतात तर पारड्याच्या बुडाला गुळाचा खडा चिकटवलेला! आता शेवंतीची गोष्ट ऐका.

शेवंती तिसरीत होती. तिची आई डोक्यावरून जांभ्या दगडाचे चिरे वाहायची. पण उन्हाळ्यात तिचा घोटा मोडला आणि ती खाटेवर पडली. शाळा सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. आई म्हणाली, "शेवंते, सोमवारपासून घरी राहा गं. पाणी कोण भरणार? बाळाला कोण बघणार?"  शनिवारी मात्र ती शाळेत गेली, कारण त्या दिवशी बाई तराजू करायला शिकवणार होत्या.

दोन करवंट्या, सुतळी आणि एक काठी, झाला तराजू! पेडणेकर बाई म्हणाल्या, "नारळाची डोळ्यांकडची करवंटी जाड असते, म्हणून जड असते. आधी रिकामा तराजू उचलून बघायचा. जी बाजू वर जाईल, तिला छोटा खडा बांधायचा. मगच तोलायचं."

"शेवंते, तुझी सुतळी आहे की उंदराची शेपटी?" दिगूनं चिडवलं.

"उंदराचीच आहे. तुझ्या दप्तरातून पळत होता, धरला," शेवंती म्हणाली. सगळा वर्ग हसला. तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि शेवंतीचा खडा बांधायचा राहिला.

मुलं तोलायला फुलं आणायला बागेत धावली. कुणी लालचुटूक जास्वंद तोडली, कुणी केशरी अबोली ओरबाडली. शेवंती तगरीखाली बसून गळून पडलेली पांढरीशुभ्र फुलं वेचू लागली. तेवढ्यात एका फुलातून चिमुकली, चमचमती परी बाहेर आली. पंख मोरपिशी, झगा हळदीपिवळा, उंची बोटाएवढी.

"माझं घर तोडलं नाहीस गं, बाळे," परी म्हणाली. "एक इच्छा माग. पण नियम तीन आहेत. इच्छा एकच. तराजू तुझ्या हातानं केलेला. आणि माझ्याकडचे सोनेरी पराग एक मूठच मिळतील. इच्छा त्यांच्या भारोभार उतरली, तरच खरी होईल."

शेवंतीनं पिंपळपानावर काडीनं कोरलं, 'आईचा पाय बरा होऊ दे.' पान एका करवंटीत ठेवलं. परीनं दुसरीत पराग ओतले. झगमग, झगमग! काठी डुलली, डुलली आणि अगदी सरळ राहिली.

"भरली बघ!" परी टाळ्या वाजवत म्हणाली.

शेवंतीचा चेहरा फुलला. आणि तिला दिसलं, की पराग डोळ्यांकडच्या जाड करवंटीत आहेत.  गप्प राहिली असती तर कुणाला कळणार होतं?

"परीताई, थांबा," ती हळूच म्हणाली. "माझा खडा बांधायचा राहिलाय. ही करवंटी मुळातच जड आहे. हे माप खोटं आहे."

"मग गं?"

"मग आधी रिकामा करून बघू."

तिनं तराजू रिकामा केला, हलक्या बाजूला खडा बांधला, काठी सरळ झाल्याची खात्री केली आणि पुन्हा तोललं. इच्छेचं पारडं सर्रकन खाली गेलं. पराग कमी पडले.

"माझी मूठ तर संपली," परी म्हणाली.

शेवंतीच्या डोळ्यांतून टपकन थेंब पडला. "असू दे. कमी आहे ते कमीच."

परीनं मान तिरपी केली. "पराग एक मूठच द्यायचे, हा नियम. पण पारड्यात मी बसू नये, असं कुठल्या नियमात आहे?"

आणि इवलीशी परी टुणकन परागांत जाऊन बसली! काठी हलली, सावकाश सरळ झाली. परीचे पंख आधी सोनेरी झाले, मग नुसता उजेड झाले. सगळी बाग क्षणभर लखलखली. परागांची करवंटी रिकामी झाली होती.

शाळा सुटली तेव्हा फाटकाशी आई उभी होती. दोन्ही पायांवर, कडेवर बाळ.

"अगं, पाय टेकला नि दुखेचना! पाणीसुद्धा भरून आले," आई म्हणाली. "आणि तू रडतेस काय? सोमवारी शाळेत जायचंय ना?"

मुलांनो, तुम्हीही वर्गात तोलाल, मोजाल, वहीत मांडाल. माझं एवढं ऐका. जेवढं भरेल तेवढंच लिहा, आणि उणं भरलं तर उणंच लिहा.