ओल्या तणसाचा अंगारा

"...पण बाबाजी, यंत्राला तुमचा अंगारा लावला तर आकडा खाली येईल ना जी?"

डोमाजी हटवार मठाच्या अंगणात उभा होता. बारा वर्षांपासूनचा शिष्य. गावात थोरला शिष्य म्हणून मिरवायचा. फाटकाबाहेर त्याचा ट्रॅक्टर होता. ट्रॉलीत तणसाचे, म्हणजे धान झोडून उरलेल्या काडाचे, गठ्ठे.

सोनबाजीबाबा सुपारी कातरत होते.

"कुठलं यंत्र?"

"कारखान्याचं. तिथं तणसापासून गाड्यांचं इंधन करतात. आत घ्यायच्या आधी गठ्ठ्यात सळई खुपसतात. ओल वीसच्या वर दिसली की गाडी परत."

"तुझी किती दिसली?"

डोमाजीने अंगठ्याने माती उकरली.

"एकेचाळीस."

"पाऊस तर नाही झाला."

"नाही जी."

"मग?"

"...थोडं पाणी मारलं होतं. वजनात भरावं म्हणून."

"थोडं?"

"मोटार लावली होती."

बाबा सुपारी कातरत राहिले.

"बुधवारी शेवटची पाळी आहे, बाबाजी. पुन्हा परत आलो तर नाव कायमचं कापतील. सारा गाव तिथं रांगेत असतो. मला तुमचा शिष्य म्हणून ओळखतात. लाज तुमचीही जाईल."

"माझी?"

बाबांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. बराच वेळ चघळलं.

"अंगारा देतो. पण डबी रिकामी आहे. तुझ्याच तणसाचा करावा लागेल. प्रत्येक गठ्ठ्याच्या पोटातली एक मूठ घ्यायची. सगळ्या मुठी एका काडीत पेटल्या पाहिजेत. फुंकर नाही. रॉकेल नाही."

"एवढंच?" डोमाजी म्हणाला. गर्व होताच.

पहिली काडी विझली. दुसरी विझली. सातव्या काडीला धूर निघाला. एवढा निघाला की मठाच्या देवळातली कबुतरं उडाली आणि भजनाला बसलेली माणसं टाळ टाकून पळाली. डोमाजी खोकत धुरातून बाहेर आला. डोळे लाल.

"बाबाजी, हे पेटत नाही जी!"

"दिसतंय."

"काय करू?"

"अंगारा तुला पाहिजे. मला नाही."

डोमाजीने गठ्ठे सोडले. अंगणभर तणस पसरलं. सहा दिवस तो उन्हात उभा राहून लांब दांड्याच्या काट्याने ते उलटंपालटं करत होता. देवळात जायला वाट उरली नाही. लोक शिव्या देत कडेकडेने जायचे. बाबाही कडेनेच जायचे.

मंगळवारी डोमाजीने गठ्ठे पुन्हा बांधले, मुठी काढल्या आणि काडी ओढली.

भक्क!

डोमाजीची अर्धी मिशी गेली.

बाबांनी चिमूटभर राख त्याच्या कपाळाला लावली. उरलेली पुडीत दिली.

बुधवारी दुपारी डोमाजी धावतच मठात शिरला.

"चौदा, बाबाजी! चौदा आला! पुडी यंत्राला नुसती लावली आणि आकडा खाली! अंगारा फार कडक आहे जी!"

"हं."

"रांगेतल्या तीस जणांच्या गाड्या परत गेल्या. मी सगळ्यांना सांगितलं, आमच्या बाबांचा अंगारा घ्या. येतायत सगळे ट्रॉल्या घेऊन. सांगा, किती डब्या भरून ठेवू?"

बाबांनी त्याच्या अर्ध्या मिशीकडे पाहिलं...

"डब्या राहू दे. अंगण झाडून घे."