सोनछडीचे तुरे

जगाच्या बागेला पाणी घालणाऱ्या त्या माळ्याला नमन.

फार पूर्वी एका शिवालयाच्या कुंपणाशी पिवळ्या तुऱ्यांची सोनछडी वाढत होती. आपले एक फूल तरी पिंडीवर चढावे, एवढीच तिची आस. पण पूजेसाठी मिटल्या कळ्या खुडताना भागुजी गुरव बायकोला रोज सांगे, "सोनछडी माश्यांनी उष्टावली आहे. ती काढ्यासाठी वाळव."

शेवटी सोनछडीने मधमाशीला अडवले. "मावशी, आता येऊ नकोस. मला देवापाशी जायचे आहे."

"बरं हो, सोवळेकरीणबाई," माशी हसली. मग हळूच म्हणाली, "पण रानात दुसरे फूल उरले नाही गं. पोळ्यात पिल्ले उपाशी आहेत."

सोनछडी गाभाऱ्याच्या दाराकडे कितीतरी वेळ पाहत राहिली. मग तिने तुरे वाकवले. "ये. पोटभर घे."

कार्तिकी पौर्णिमेच्या अभिषेकाला भागुजीने त्याच पोळ्यातला मध आणला आणि पिंडीवर त्याची धार धरली. फुले गळालेली सोनछडी कुंपणापासून पाहत होती. धारेचा पिवळा रंग तिला ओळखीचा वाटला.

ऐकणाऱ्या प्रत्येकाची आस अशीच त्या माळ्यापाशी पोहोचो, आणि घरोघरी गोडवा नांदो.