पाडसाशेजारी बसलेली हरिणी

मुलांनो, दूरच्या एका डोंगराआड, जिथे धड पायवाटही पोहोचत नव्हती, तिथे हरणांचा एक कळप राहत असे. त्या मुलखात एक सुतारपक्षी झाडांच्या सालीवर चोचीने शब्द कोरून ठेवी. पुढे पाणी असेल तर ‘पाणी’, शिकाऱ्याचा फास असेल तर ‘फास’. खालच्या रानातले प्राणी ते वाचत. डोंगराआडच्या हरणांना मात्र त्या खुणा वाचता येत नसत.

एका उन्हाळ्यात तहानलेला कळप नव्या वाटेने निघाला. एका सागावर ताजी अक्षरे दिसली. “पाण्याचीच खूण असणार,” म्होरक्या म्हणाला आणि सगळे पुढे झाले. तिथे फास होता. एका हरिणीचे पाडस त्यात अडकले. सगळ्यांनी धडपड करून त्याला सोडवले, पण त्याचा पाय कायमचा अधू झाला. त्या दिवसापासून हरिणीला चैन पडेना. चरता चरता ती मध्येच थांबे, झाडांच्या साली न्याहाळी आणि काहीच न कळून पुढे जाई.

ही बातमी कळताच सुतारपक्षी डोंगर ओलांडून आला आणि पाडसांना शिकवू लागला. “ज जलाशयाचा,” तो म्हणे. पाडसे एकमेकांकडे बघत. लांब उभी असलेली हरिणी शेवटी पुढे आली. “गुरुजी, जलाशय हा शब्दच त्यांनी ऐकलेला नाही. पाण्याच्या जागेला आम्ही झिरा म्हणतो.”

“मग झ झिऱ्याचा,” सुतारपक्षी म्हणाला, आणि पाडसे पटापट बोलू लागली.

“गुरुजी, मीही बसू का?” हरिणीने विचारले.

म्होरक्या हसला. “तुझं वय काय, आणि बसतेस कुणात?”

“माझं पाडस अडकलं तेव्हा फासाने कुणाचं वय विचारलं नव्हतं,” हरिणी म्हणाली आणि पाडसाशेजारी बसली. अक्षरे तिच्या लवकर ध्यानात राहत नसत. चुकली की ती अस्वस्थ होई, पुन्हा गिरवी.

पुढे एकदा रानात वणवा लागला. कळप धावत सुटला. वाट फुटत होती तिथे दोन झाडांवर दोन शब्द होते, आणि शिकलेली पाडसे धुरात मागे राहिली होती.

“लवकर सांग,” म्होरक्या धापा टाकत म्हणाला.

“घाई केली तर चुकेन,” हरिणी म्हणाली. “क... डा. कडा. डावीकडे कडा आहे. न... दी. उजवीकडे चला.”

कळप उजवीकडे वळला. ती स्वतः मात्र तिथेच उभी राहून हाका मारत राहिली. एकेक पाडस धुरातून आले, सर्वांत शेवटी तिचे लंगडत आले, तेव्हा कुठे तिने ती जागा सोडली.

नदीपलीकडे सगळे सुखरूप पोहोचले. म्होरक्या हरिणीजवळ आला.

“ते पहिलं अक्षर कोणतं होतं?”

“क.”

त्याने ओल्या वाळूत खुराने ते काढले. वाकडे आले. त्याने पुसले आणि पुन्हा काढू लागला.

तात्पर्य : लहानांसोबत थोरांनाही, आणि त्यांच्या स्वतःच्या बोलीतून शिकवले, तर संकटात वाट सांगणारे कोणीतरी आपल्यातच असते.