गाडी गार असताना

एकदा एका गोदाकाठच्या गावात अशी थंडी पडली, की द्राक्षबागांत शेकोट्या पेटवून घड राखावे लागले. गवतावरचं दव गोठून पांढरं दिसायचं. धूर जमिनीलगतच रेंगाळायचा, वर चढायचं जणू त्याला बळच नसायचं. ऊन उशिरा यायचं. पण आलं की असं गोड यायचं, की पहाट कशी काढली हे माणूस विसरून जायचा.

हे विसरणं तेवढं ध्यानात ठेवा. गोष्ट त्याचीच आहे.

त्या गावी गाड्या दुरुस्त करणारा एक वृद्ध कारागीर होता. सगळे त्यांना वस्ताद म्हणत. त्यांच्या हाताखाली सुकदेव नावाचा तरुण शिष्य काम शिकून तयार झाला होता, आणि त्याला गुजरातेत एका मोठ्या वर्कशॉपमधून बोलावणं आलं होतं. संक्रांत झाली की निघायचं. मन अडत होतं ते एकाच गोष्टीपाशी. वडील डोंगरातल्या पाड्यावर एकटे होते. आई जाऊन बराच काळ लोटला होता. सुकदेव रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन करी, आणि वडील रोज सांगत, माझं झकास चाललंय, तू खुशाल जा. त्या शब्दावर त्याने जायचं नक्की केलं होतं. तरी बॅग भरायला घेतली की हात थबकायचे.

अशात एक दिवस द्राक्षांचा एक व्यापारी आपली गाडी घेऊन आला. तक्रार अशी, की पहाटे बागांकडे निघताना स्टिअरिंग वळवलं की पुढून आवाज येतो, दुखणाईत माणसाने कण्हावं तसा. पॉवर स्टिअरिंग ज्याच्या जोरावर हलकं फिरतं, त्या पंपाचाच तो आवाज असणार. पण आधी दोन ठिकाणी दाखवलं, तर तिथे पोचेपर्यंत आवाज बंद. तुमचेच कान तपासून घ्या, असंही कुणी त्याला ऐकवलं होतं. सुकदेवने स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिलं. गाडी अगदी गप्प.

“शेठ, गाडी तुमच्यावरच रुसलीय,” सुकदेव म्हणाला. “आमच्याशी बघा कशी गोड वागते.”

व्यापारी बिचारा ओशाळला. वस्ताद हसले नाहीत. त्यांनी बॉनेटवर तळवा टेकवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि सांगितलं की उद्या पहाटे मीच तुमच्याकडे येतो, तोवर गाडी अंगणात उभी राहू द्या.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत वस्तादांच्या दारात हॉर्न वाजला. पाहतात तर तीच गाडी. एवढ्या गारठ्यात म्हाताऱ्या माणसाला चालत यायला लावायचं कसं, म्हणून व्यापाऱ्याने ती न्यायला धाडली होती. ड्रायव्हर तर मनाने आणखी मोठा. वस्तादांना उबेत बसता यावं म्हणून त्याने इंजिन आधीच चांगलं तापवलं होतं. आवाज कुठला यायला?

वस्ताद म्हणाले, “गड्या, तू तिला न्हाऊमाखू घालून आणलीस. आता ती कशाला कण्हेल?”

त्यांनी ड्रायव्हरला चहा पाजला आणि तशीच गाडी परत पाठवली. पुढच्या पहाटे कानटोपी घालून, सुकदेवला बरोबर घेऊन ते स्वतःच चालत गेले. गाडी अंगणात दवाने पांढरी होऊन उभी होती. वस्तादांनी किल्ली घेतली, खिशात टाकली, आणि ओट्यावर बसून राहिले. सुकदेवला काही उमजेना. त्याने विचारलं तेव्हा म्हणाले, आपण चालून आलोय, आधी आपला दम शांत होऊ दे, मग दुसऱ्याचा ऐकू येईल.

तसे ते बसले. कुठल्याशा बागेतून धुराचा वास आला, आणि सुकदेवला घरची पहाट आठवली. तो लहान असताना वडील अंगणातल्या चुलीवर पाणी तापवत आणि आत तोंड करून हाक मारत, सुक्या, ऊठ रे, पाणी तापलं. तो जागाच असे. पण मुद्दाम ओ देत नसे. ओ दिली की हाक थांबायची, आणि ती थांबू नये असं त्याला वाटायचं.

मग वस्तादांनी इंजिन चालू करून स्टिअरिंग वळवलं. गाडी कण्हली. असं खोल कण्हली, की व्यापारी दारातून धावत बाहेर आला. “ऐकलंत? ऐकलंत ना?” तो म्हणत होता, आणि आपलं खरं ठरल्याच्या आनंदात त्याला थंडीचंही भान नव्हतं.

ऑइलच्या डब्याचं झाकण उघडलं तर आत पांढुरका फेस. डब्याकडून पंपाकडे जाणारा रबरी पाइप जुना होऊन थंडीने लाकडासारखा कडक झाला होता, आणि क्लिपपाशी बारीक फट पडली होती. गार ऑइल घट्ट असतं. पंप ते जोर लावून ओढी, आणि त्या फटीतून हवा आत शिरे. ऊब आली की ऑइल पातळ होई, रबर मऊ पडे, फट मिटल्यासारखी होई. आवाज जायचा. दोष मात्र दिवसभर तिथेच असायचा.

दुकानात आणून त्यांनी पाइप बदलला, क्लिप नवी लावली. पुढची चाकं जॅकवर उचलली, आणि इंजिन बंद ठेवूनच सुकदेव स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवू लागला, म्हणजे आत अडकलेली हवा डब्यातून निघून जावी. तो घाई करी. वस्ताद डब्यात पाहत म्हणत, हळू, बुडबुडा वर यायला वेळ घेतो.

फिरवता फिरवता सुकदेवने विचारलं, सरळ पंपच बदलून टाकला असता तर? एवढ्या गारठ्यातल्या दोन पहाटा तरी वाचल्या असत्या.

वस्ताद म्हणाले, नवा पंपही तसाच कण्हला असता. मग त्यांनी विचारलं, “तू बापाला फोन कधी करतोस रे?”

“दुपारी.”

“दुपारी ऊन असतं, सुकदेवा. पोटात भाकर असते, चार माणसं बोलून गेलेली असतात, आणि वर तुझा फोन आलेला असतो. त्या वेळी कोण कण्हेल? ते खोटं बोलत नाहीत. ही गाडी तरी कुठे खोटं बोलत होती? ऊब मिळाली की आवाज जातो, फट राहते. ज्याचं खरं जाणून घ्यायचं, त्याच्याकडे त्याच्या गार वेळेला जावं.”

सुकदेव म्हणाला की दिवाळीला तो गेला होता, तेव्हाही वडील मजेत होते, घर सारवलेलं, डोक्यावर नवी टोपी.

“तू येणार हे त्यांना ठाऊक होतं ना?” वस्ताद म्हणाले, आणि डब्याचं झाकण लावून टाकलं.

त्यानंतर एका पहाटे सुकदेव डोंगराकडे रिकामा परतणाऱ्या भाजीच्या टेम्पोत बसला. घरी कळवलं नाही. पाड्याच्या वळणावर उतरून चालू लागला तेव्हा तांबडंही फुटलं नव्हतं. डोंगरातला गारठा खालच्यापेक्षा कडक. अंगणाच्या कुडापाशी पोचतो, तोच हाक आली.

“सुक्या, ऊठ रे, पाणी तापलं.”

त्याला वाटलं, बाने पावलं ओळखली. तो हसून पुढे झाला, आणि थांबला. वडील चुलीपाशी त्याच्याकडे पाठ करून बसले होते. तोंड घराच्या दाराकडे होतं. आत कुणी नव्हतं. ते थोडा वेळ थांबले, कान देऊन, आणि मग पहिल्यापेक्षा हळू आवाजात पुन्हा तीच हाक मारली.

कुडाच्या पलीकडे शेजारची भागीमावशी सरपण उचलत होती. तिने सुकदेवला पाहिलं, जवळ आली, आणि म्हाताऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली,

“रोज मारतो तो ही हाक. ऊन आलं की गप होतो. आज तू आहेस, तर ओ दे.”