मचूळ तळ्यातली बारीक मासळी

एका खाडीच्या काठी कोळ्यांचं गाव होतं. त्या गावात एक कोळीण होती, तिला प्रश्न फार पडायचे.

खाडीच्या मागे, तिवरांच्या आड एक मचूळ तळं होतं. भरतीला त्यात समुद्राचं खारं पाणी शिरायचं, डोंगराकडून ओढ्याचं गोडं. तिथं जाळं टाकायचं नाही, ही वाडवडिलांपासूनची राखण. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

एका साली खाडीत मासळी मिळेना. शिमग्याच्या बैठकीत कोळणीचा नवराच पुढे झाला.

"तळ्यातली मासळी जन्माचीच बारीक. बोटापेक्षा मोठी कधी होत नाही. राखून करायचंय काय? काढू आणि सुकवू."

सगळ्यांना पटलं. कोळणीचीही चूल जेमतेम पेटत होती. तरी ती म्हणाली, "मोठी होत नाही, तर म्हातारी झालेली कुणी पाहिली का?"

"जा, तिलाच विचार," नवरा म्हणाला. बैठक हसली.

पाटील हसले नाहीत. "नारळी पुनवेपर्यंत थांबू. तोवर बघ बाई तुझं काय ते."

कोळणीनं पदरात धरून नखाएवढी पिल्लं आणली, अंगणातल्या रांजणात सोडली. विहिरीच्या पाण्यात ती मलूल पडली. समुद्राच्या पाण्यातही तेच. तळ्याचं पाणी घातलं, तशी खेळायला लागली. मग रोज त्याच पाण्याची कळशी.

शेजारी बसून नवरा बारीक विणीचं नवं जाळं विणायचा. "घरात कालवण नाही, आणि हिनं पाहुणे ठेवलेत. एकदा त्यांना पानात तरी बोलव."

कोळीण रांजणावर झाकण ठेवायची, झाकणावर दगड.

पुनवेला तिनं पाटलांना अंगणात बोलावलं. "हात घाला आणि ओळखा."

पाटलांच्या हातात वीतभर रुपेरी मासा आला. "ही तर बोय. आपल्या खाडीतली."

"तळ्यातली आहे. शिमग्यात नखाएवढी होती."

नवरा रांजणात वाकून बघतच राहिला. "म्हणजे तळ्यात मोठी दिसत नाही, ती…"

"मोठी झाली की खाडीत जाते. तुमच्या जाळ्यात."

राखण राहिली. नवऱ्यानं स्वतःच रांजण उचलून मासे खाडीत सोडले. "उद्या मीच हे पकडले तर?"

"पकडा की. तळं राखायचं ते त्यासाठीच."

नव्या जाळ्याचं काय झालं म्हणाल, तर ते अंगणात ताणून बांधलं. घारीपासून वाचून कोंबडीची पिल्लं त्याच्याखाली मोठी झाली.

तात्पर्य काय, तर एखादी गोष्ट राखलेली दिसली आणि कारण कळलं नाही, तर मोडायच्या आधी ते शोधावं.