घारीची वाट

पाखरांचा दरबार भरत असे त्या काळची ही गोष्ट. भर शहरातल्या एका पिंपळावर पाखरांची दाट वस्ती होती. दरबारानं राखणीला कोतवाल पक्षी नेमला होता. त्याच्या धाकानं घार तिकडे फिरकत नसे.

एका वर्षी पिलं सुस्तावू लागली. कुणीतरी त्यांना अफूची बोंडं चारत होतं. तानू साळुंकीचा मोठा लेक गुंगीत फांदीवरून पडला आणि गेला. धाकटाही बोंडासाठी रडू लागला, तेव्हा ती कोतवालाकडे धावली.

"शोध चालू आहे, बाई," कोतवाल म्हणाला.

मग तानूनं स्वतःच पाळत ठेवली. भर दुपारी घार बोंडं घेऊन आली. कोतवालानं तिच्याकडून एक जाडजूड टोळ घेतला आणि वाट दिली.

तिनं शेजाऱ्यांना सांगितलं. "कोतवालाशी वैर घेऊन राहायचं कुठं?" होला पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी घार जिथं उतरायची त्या फांदीवर तानू एकटीच जाऊन बसली. घार आली तसा कोतवाल खेकसला, "सरक! हा दरबाराचा माल आहे."

"म्हणजे माझा लेक दरबारानं मारला?" तानू इतक्या मोठ्यानं ओरडली की सगळ्या पिंपळानं ऐकलं.

एकेक आई घरटं सोडून तिच्या शेजारी येऊन बसली. पाठोपाठ होलाही आला. फांदी गच्च भरली. घारीला उतरायला जागाच उरली नाही. ती घिरट्या घालून बोंडांसकट परत गेली.

"मग उद्यापासून तुमची राखण कोण करणार?" कोतवालानं दरडावलं.

फांदीवरून कुणीच हललं नाही.